न आटलेले स्वेटर

नुकसान झालंय हे कळलं ते दुपारी, मुलीचा फोन आला तेव्हा. बायको जाऊन पाच महिने झाले होते आणि आता आपल्या घरात हरवण्यासारखं आणखी काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "नाताळच्या झाडाला टांगायच्या वस्तू माळ्यावर असतील बघा. आई मिक्सरच्या खोक्यात ठेवायची."

मी फोन कानाला लावूनच खुर्चीत बसलो. मिक्सरचा खोका मी आदल्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिला होता, आणि तोही स्वतःच्या हातांनी. खोका उचलताना तो बिचारा म्हणालासुद्धा, "साहेब, आत काहीतरी खुळखुळतंय." मी म्हणालो, "मिक्सर जुना झाला की खुळखुळतोच."

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझी शोभा किती झाली ते कळेल. मी वजनं-मापं तपासायच्या खात्यात निरीक्षक होतो. डब्यावर लिहिलेलं आणि डब्यातलं एकच आहे का, हे पाहण्याचा मला जन्मभर पगार मिळाला. मोठमोठे दुकानदार मला पाहिलं की काट्यावरची धूळ पुसायचे. आणि माझ्याच घरात मिक्सरच्या खोक्यात नाताळ होता, इस्त्रीच्या खोक्यात फोटो होते आणि बुटांच्या खोक्यात औषधं. कशात काय आहे ते बायकोला पाठ होतं. मी लेबलावर विश्वास ठेवला. खुद्द झाड तेवढं वाचलं, कारण ते कुठल्याच खोक्यात मावत नसे.

"पप्पा? आहात ना?"

"आहे, आहे."

"तसं यंदा झाड नाही लावलं तरी चालेल. मला वाटतं आम्ही येतच नाही. तुम्हीच इकडे या. त्या घरात आईशिवाय मला नाही हो..." आणि ती थांबली.

आता खरं सांगून टाकायचं होतं. पण सगळ्या आयुष्यात जे करताना मी दुसऱ्यांना पकडलं, तेच मी केलं. मी म्हणालो, "झाड लागणार. जुन्या वस्तू मी मुद्दामच काढून टाकल्या. यंदा आईच्या स्वेटरचे दागिने करतोय झाडाला. हातानं. प्रत्येकाला एक."

हे कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. समोर खुर्चीच्या पाठीवर माझा निळा स्वेटर टाकलेला होता, एवढंच.

मग मुलगी म्हणाली, "तुम्ही? हातानं?" मी हो म्हणालो. तशी ती म्हणाली, "मग आम्ही येतो, पप्पा. नक्की येतो."

माझी बायको विणायची. बस थांब्यावर, दवाखान्यात, पाहुणे समोर बसलेले असताना, कुठेही. घरात तिचे विणलेले स्वेटर इतके होते की दोन कपाटं भरून उरत. पण मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. आणि लेक येणार ती माझ्या थापेवर विसंबून. झाड उघडं दिसलं तर ती काही बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती फक्त पुढच्या वर्षी येणार नाही.

मी समोरच्या वहिनींचं दार वाजवलं. या वहिनी जगातलं सगळं फोनवरचे व्हिडिओ पाहून शिकल्या आहेत. त्यांनी एकदा आमच्या नळाची गळती व्हिडिओ पाहून थांबवली होती आणि पुढे दोन दिवस साऱ्या इमारतीचं पाणी थांबलं होतं.

"सोप्पं आहे हो, भाऊजी!" त्या म्हणाल्या. "स्वेटर असाच कापलात तर उसवणार. आधी तो आटवायचा. उकळत्या पाण्यात घालून चांगला घुसळायचा. लोकर आटते, धागे एकमेकांत रुततात, घोंगडीसारखं जाड कापड होतं. मग कापा चांदण्या, पक्षी, काय हवं ते. एक धागा सुटला तर नाव बदलीन."

"सगळे स्वेटर आटतात?"

"खरी लोकर असली की आटते. खोटी नाही आटत."

मी छाती पुढे काढली. "वहिनी, आमच्याकडे खोटं काही नाही."

हे मी उगीच म्हटलेलं नव्हतं. लोकर हा माझा खास विषय. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात बायकोनं मला एक तपकिरी स्वेटर विणला होता, त्यानं माझ्या मानेला चट्टे उठले. मी तेव्हाच निदान केलं की दुकानदारानं भेसळ केलेली आहे. पुढच्या वेळी तिनं आणलेली लोकर मऊ निघाली, कधीच टोचली नाही. त्यावरून मी एक सिद्धान्त बांधला: खरी लोकर टोचत नाही, टोचते ती भेसळ. हा सिद्धान्त मी ऑफिसात सांगितला, लग्नकार्यांत सांगितला, इमारतीच्या वार्षिक सभेतही सांगितला. त्या सभेत आमचे सेक्रेटरी नवा महागडा स्वेटर घालून आले होते आणि सारखे मान खाजवत होते. मी सर्वांसमोर त्यांची कॉलर दोन बोटांत धरून म्हणालो, "टोचतोय ना? फसवलं तुम्हाला." सेक्रेटरींनी ते मनात ठेवलं. सेक्रेटरी सगळंच मनात ठेवतात.

आणि नेमकं त्यांच्याशीच काम पडलं. घरच्या कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी कोमटच होतं. कडक गरम पाण्याचं मोठं यंत्र इमारतीच्या तळघरात, सामाईक, आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिशात.

"कुणाचे कपडे?" सेक्रेटरींनी चष्म्यावरून विचारलं.

"आमचे. म्हणजे, बरेचसे हिचे."

"अस्सं." त्यांनी नियमांची पुस्तिका काढली. मीही तीस-बत्तीस वर्षं पुस्तिका काढत आलोय, त्यामुळे पुढे काय होणार हे मला समजलं. "सामाईक यंत्रात फक्त रहिवाशांचे, रोजच्या वापरातले कपडे. तुमच्या पत्नीचं नाव आपण ऑगस्टमध्ये यादीतून कमी केलं. तेव्हा त्यांचे कपडे रहिवाशाचे कपडे होत नाहीत. आणि वापरातले तर..." ते अडखळले. मनातून माणूस वाईट नाही. "म्हणजे, नियमात तशी तरतूद नाही हो."

नियम चुकीचा नव्हता. मी त्यांच्या जागी असतो तर हेच वाचून दाखवलं असतं, कदाचित जरा मोठ्यानं. पण एवढ्या दिवसांत माझी बायको गेली असं मला कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा 'आम्ही खूप प्रयत्न केले' वगैरे म्हणाले होते.

वहिनी माझ्या मागे उभ्याच होत्या. "अहो सेक्रेटरी, विणलेत ताईंनी, पण घालतात कोण? भाऊजी. म्हणजे भाऊजींचे कपडे. आणि तुमचाही तो स्वेटर द्या की त्यात. किती वर्षं धुतला नाहीत?"

"तो ड्रायक्लीनचा आहे."

"मग द्याच! यांचं म्हणणं आहे ना तो भेसळीचा? भेसळीचा असेल तर काही होणार नाही."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या क्षणी आम्ही दोघंही मोठी माणसं नव्हतो. ते आत गेले आणि स्वेटर घेऊन आले. "टाका," म्हणाले. "होऊन जाऊ द्या."

रविवारी सकाळी तळघरात निम्मी इमारत जमली. वहिनींनी बातमी पसरवली होती, शिवाय यंत्राला काचेचं दार असल्यामुळे बघण्यासारखं होतं. मी आमचे स्वेटर एकेक करून आत घातले. माझा निळा, करडा, हिरवा, तिचा पांढरा, आणि तो जुना तपकिरी. हो, तो अजून होता. मी टाकून दे म्हणालो होतो, पण तिनं तो स्वतःला बेतून घेतला आणि स्वयंपाकघरात काम करताना कायम तोच घालायची. मी म्हणायचो, "कशाला तो भेसळीचा घालतेस?" ती म्हणायची, "मला चालतो." वरून सेक्रेटरींचा घातला आणि कळ दाबली.

सल्ले तर विचारू नका. एकजण म्हणाले, व्हिनेगर घाला. दुसरे म्हणाले, व्हिनेगर अजिबात नको, मीठ. तळमजल्यावरच्या आजोबांनी टेनिसचे चेंडू आणले. त्यांनी आपटलं की लोकर लवकर आटते म्हणे. कुणीतरी विचारलं हे तुम्हाला कसं ठाऊक, तर ते म्हणाले, "ठाऊक नाही, पण चेंडू घरात पडून होते." चेंडू गेले आत. यंत्र असं धडधडायला लागलं की वरच्या मजल्यावरून माणसं भूकंप समजून खाली आली आणि मग तीही बघत उभी राहिली.

दार उघडलं. मी आत हात घालून पहिला स्वेटर ओढला. माझा निळा. जसा गेला होता तसाच, उलट बाह्या जरा लांबलेल्या. करडा, तसाच. हिरवा, तसाच. पांढरा, तसाच.

"पाणी कमी गरम असेल," मी म्हणालो.

मग सेक्रेटरींचा स्वेटर निघाला. तो वर्षाच्या बाळाला बरोबर बसला असता. जाड, घट्ट, पुठ्ठ्यासारखा. बाह्या दोन्ही बाजूंना आपोआप उभ्या राहिल्या होत्या, कुणीतरी 'घ्या मला' म्हणावं तशा.

कुणी हसलं नाही. इमारतीत सेक्रेटरींना हसायची पद्धत नाही. वहिनींनी तो हातात घेतला, चिमटीत धरून पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "तुमचा खरा होता हो."

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते मी विसरणार नाही. माणसाचा महागडा स्वेटर गेलेला आणि तरी तो फुलत चाललेला. "ऐकलंत?" ते सगळ्यांना म्हणाले. "अस्सल! इन्स्पेक्टर साहेब, जरा हात लावून बघा, टोचतोय का?"

तेवढ्यात यंत्राच्या तळाशी चिकटलेलं आणखी काहीतरी निघालं. तपकिरी. तोही आटून एवढासा झाला होता.

म्हणजे साऱ्या घाण्यात आटले ते दोनच, आणि दोन्ही मी भेसळीचे ठरवलेले. लोक पांगले. आजोबांनी चेंडू मोजून घेतले. मी ओल्या स्वेटरांची बादली उचलली आणि जिना चढलो. आयुष्यात एवढं जड वजन मी उचललं नसेल, आणि वजनं मी पुष्कळ उचलली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी तडक लोकरीच्या दुकानात गेलो. बायको इथूनच लोकर घ्यायची. पिशवीत पुरावा म्हणून माझा निळा आणि तपकिरी. मनात ठरवलं होतं की निवृत्त झालो म्हणून काय झालं, इतकी वर्षं माझ्या बायकोला फसवणाऱ्याला मी सोडणार नाही. दुकानातल्या बाई आता म्हाताऱ्या झाल्यात, काउंटरमागे पाय वर घेऊन विणत बसल्या होत्या.

मी निळा स्वेटर त्यांच्यापुढे टाकला. "ही लोकर तुम्ही अस्सल म्हणून विकलीत?"

त्यांनी हात लावला, मग वर पाहिलं. "अगंबाई, तुम्ही होय. ताईंचं कळलं मला. फार वाईट झालं." मग पुन्हा स्वेटरकडे पाहून, "नाही हो. हा कृत्रिम धागा आहे. कृत्रिम म्हणूनच विकला."

"मग तिला तुम्ही सांगितलं नाहीत?"

"त्यांनीच मागितला." बाईंनी विणकाम खाली ठेवलं. "लग्नाच्या वर्षी त्यांनी आमची चांगली लोकर नेली होती. तुम्हाला चट्टे आले म्हणून परत आल्या. म्हणाल्या, न टोचणारं काही द्या. मी हे दिलं. म्हटलं, पण ताई, ही लोकर नव्हे. तर म्हणाल्या, असू दे, यांना सांगू नका. यांना खोटं पकडायची सवय आहे. कळलं तर घालायचे नाहीत, आणि थंडीत उघडे फिरतील."

मी निळा स्वेटर उचलून त्याची घडी घालायला लागलो. बाईंना मात्र आता आठवणी सुचत होत्या.

"एकदा तुम्हीही आला होतात त्यांच्याबरोबर. आठवतं? इथेच उभे राहून तुम्ही मला खरी लोकर कशी ओळखायची ते शिकवलंत. माझा जन्म या धंद्यात गेला, पण मी ऐकून घेतलं. मग तुम्ही या धाग्यावर हात फिरवलात आणि म्हणालात, 'ही घे. ही अस्सल.'"

"आणि ती?"

"त्या तुमच्या मागे उभ्या होत्या. त्या वर पंख्याकडे बघत होत्या."

"हसत होती?"

"दुकानात नाही हो. कधीच नाही." बाई पुढे म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी बटणं घ्यायच्या निमित्तानं एकट्या आल्या. तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो."

मी तपकिरी स्वेटर काढला. त्यांनी तो तळहातावर घेतला. "हा तो पहिला. हा खरा. बघा, कसा आटलाय." मग म्हणाल्या, "टोचायचा की त्यांनाही. पण महागाची लोकर, टाकवत नाही म्हणायच्या."

मी बाहेर आलो आणि दुकानासमोरच्या बाकावर बसलो. राग येईल असं वाटत होतं, तयारीही होती, पण आला नाही. ऑफिसात, लग्नांत, वार्षिक सभेत मी हा सिद्धान्त सांगत असताना ती शेजारी बसलेली असायची. एकदाही तिनं मध्ये तोंड घातलं नाही. कधी कधी मी अडलो तर म्हणायची, "अहो, ते चट्ट्यांचं सांगा ना." मी तिचं लक्ष असतं म्हणून खूश व्हायचो. बाकावर बसल्या बसल्या मला एकदम हसू फुटलं आणि शेजारी पेपर वाचणारा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला. तिच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा हसलो, आणि तेही तिनं केलेल्या विनोदावर, जो मला कळायला एवढी वर्षं लागली.

पण हसून झाड सजत नाही. मुलगी शनिवारी येणार होती. कृत्रिम धागा आटत नाही आणि न आटवता कापला तर उसवतो.

"मग उसवाच की," वहिनी म्हणाल्या. "उसवा आणि गोळे गुंडाळा. लहान लहान. कागदाचा बोळा आत, वरून धागा. रंगीत गोळे छान दिसतात झाडाला. तेवढं तर येईल ना, भाऊजी?"

तेवढंही येत नव्हतं. पहिला गोळा बटाट्यासारखा झाला, दुसरा बटाट्याच्या भावासारखा. पण उसवायला मात्र मी पटकन शिकलो. निळ्या स्वेटरचं टोक सापडलं आणि ओळीमागून ओळ सुटत गेली. धाग्याला मध्ये मध्ये गाठी लागायच्या, जिथे तिनं नवा लच्छा जोडला होता. एका जागी तिचा टाका चुकला होता आणि तो तिनं पुढच्या ओळीत सांभाळून घेतला होता. हा स्वेटर मी कितीतरी हिवाळे अंगावर वागवला, पण मला ते दिसलं नव्हतं. ती कशी विणायची हे मी तिचं विणलेलं मोडताना शिकलो.

शुक्रवारी संध्याकाळी सेक्रेटरी आले. हातात त्यांचा तो बाळस्वेटर.

"हा घ्या," म्हणाले. "कापा. मला तर आता होत नाही." मग दारातच घुटमळले. "तुम्हाला चांदण्या करायच्या होत्या ना. आणि एक सांगू का, ते नावाचं... ते मी जरा रुक्ष बोललो."

"नियम होता," मी म्हणालो.

"नियम होता," ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी चहा घेतला. मी कापायच्या चांदण्या त्यांनीच पट्टी लावून आखल्या. सगळ्या एका मापाच्या. माझ्या खात्यात असा माणूस असता तर मला आवडलं असतं.

शनिवारी मुलगी आली. जावई बॅगा घेऊन आत गेले. ती झाडासमोर उभी राहिली. निळे, हिरवे, करडे, पांढरे बटाटे, आणि मध्ये मध्ये सेक्रेटरींच्या सरळ रेषेतल्या चांदण्या.

तिनं एक निळा गोळा बोटांत धरला. "हा तुमचा स्वेटर."

"हो."

"आईनं माझ्या बारावीच्या परीक्षेच्या वेळी विणला होता. माझ्या खोलीत बसून." तिनं तो गालाला लावला. "पप्पा, खरं सांगा. जुना खोका कुठे आहे?"

मी सांगितलं. भंगारवाला, मिक्सर, खुळखुळणं, सगळं. ती सोफ्यावर बसून इतकी हसली की जावई बाहेर आले. हसता हसता ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "मिक्सर जुना झाला की खुळखुळतोच!" आणि पुन्हा हसली. जावई काही न कळून आम्हा दोघांना पाणी देऊन गेले.

"आणि तुला माहीत आहे का," मी म्हणालो, "ही लोकर नाहीच. कृत्रिम आहे."

ती डोळे पुसत होती, ती थांबली. "तुम्हाला कधी कळलं?"

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"पप्पा, सगळ्यांना माहीत होतं. मावशीला, आत्याला. तुम्ही सांगायला लागलात की आम्ही आईकडे बघायचोच नाही, हसू येईल म्हणून." मग तिनं माझा हात धरला. "ती म्हणायची, त्यांना सांगताना किती छान वाटतं, सांगू दे."

जेवणानंतर मी तिला तपकिरी स्वेटर दाखवला आणि दुकानातल्या बाईंनी सांगितलेलं सांगितलं. ती तो बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. आमच्या घरात कापण्याजोगा झालेला तेवढा एकच होता, आणि मी फोनवर कबूल केलं होतं ते आईच्या स्वेटरचं, प्रत्येकाला एक. गोळे निघाले ते माझ्या स्वेटरांतून आणि बायकोच्या पांढऱ्यातून. हा मात्र तिनं रोज अंगावर घातलेला होता.

"करू या का?" मुलगी म्हणाली.

तिनं खडू आणला. आम्ही स्वेटर टेबलावर पसरला, मी तो दोन्ही हातांनी ताणून धरला आणि तिनं आखल्या: एक तिची, एक जावयांची, एक माझी. तिच्या चांदण्या सेक्रेटरींइतक्या सरळ आल्या नाहीत. मग तिनं कात्री माझ्यापुढे सरकवली. मी ती तिच्यापुढे सरकवली. जावई म्हणाले, मी कापू का, तर आम्ही दोघंही एकदम नको म्हणालो.

ती चार दिवस राहिली. जाताना म्हणाली, पुढच्या नाताळला येईन तेव्हा बघू. निळा गोळा तिनं पर्समध्ये घालून नेला.

झाड मी आवरून ठेवलं आहे. तपकिरी स्वेटर टेबलावरच आहे, त्यावर खडूच्या तीन चांदण्या आहेत. कापायचं अजून राहिलं आहे.